सतरंजीएवढं शेत

दोन दिवसांपासून मी घरात नुसती फिरते आहे. कपाटातले कपडे काढून पुन्हा त्याच घड्या घातल्या. डाळींचे डबे पुसले. तुमच्या आजोबांची पुस्तकं आधी उंचीप्रमाणे लावली आणि मग ते पटेना म्हणून विषयाप्रमाणे लावली. ईरा, आरव, तुम्हाला माहीतच आहे, तुमची आजी अस्वस्थ झाली की भोरचं हे घर फार नीटनेटकं होतं. तुमची आई व्हिडिओ कॉलवर मागचं शेल्फ बघूनच विचारते, काय झालंय?

काही झालेलं नाही. परवा नसरापूरहून वेल्ह्याच्या एसटीने जात होते. विंझरच्या अलीकडे गाडी एका वळणावर हळू झाली आणि खिडकीतून इंद्रायणीचा वास आत आला. शिजलेल्या भाताचा नव्हे, शेतात उभ्या असलेल्या भाताचा. तो वास तुम्हाला कसा सांगू? थोडा वाळत्या गवताचा, थोडा दुधाचा, थोडा दुपारी तापून संध्याकाळी निवलेल्या मातीचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाचरं पिवळी झालेली, लोंब्या जड होऊन वाकलेल्या, बांधावर गवत अजून हिरवं. आणि वर, तोरण्याच्या अंगाला, एक राखाडी ढग. लहानसाच. पण मी उतरेपर्यंत त्याच्यावरून नजर काढू शकले नाही.

दिवाळी झाल्यावर आणि तुळशीचं लग्न लागण्याआधी आमच्याकडे जे दिवस असतात, त्यांना काही वेगळं नाव नाही. सकाळी गवतावर दव, दुपारी अंगाला चटका, संध्याकाळी खांद्यावर शाल. फराळाच्या डब्याच्या तळाशी चिवड्याचा चुरा. तुमच्याकडे आता झाडं उघडी पडली असतील. इथे सगळं भरलेलं असतं आणि म्हणूनच जीव थाऱ्यावर नसतो. रिकाम्या शेताला आभाळाची भीती नसते. भीती पिकलेल्या शेताला.

असे दिवस मी साठ-सत्तर वर्षं पाहत आले, पण त्यांची ही काळजी मला कळली ती अगदी अलीकडे, आम्ही सिनेमा केला त्या वर्षी. आरव तेव्हा शाळेतही जात नव्हता. ईराला मी फोनवर "आजी शूटिंगला जाते" म्हटल्याचं आठवत असेल. तू विचारलं होतंस, आजी, तू हिरोईन आहेस का? मी म्हटलं, नाही गं, आजी पदर बघते.

खरंच माझं काम पदर बघायचं होतं. मुक्ता माझी जुनी विद्यार्थिनी, आमच्याच गल्लीतली. पुण्यात कंपनीत नोकरी करते, पण मनाने कधीच तिथे नसते. शाळेत इंग्रजीच्या तासाला ती खिडकीतून बाहेर बघत असे, आणि मी रागवले की म्हणे, "बाई, ऐकतेय मी. फक्त बघतेय तिकडे." त्या दिवाळीला सुट्टी घेऊन ती आली आणि माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. "बाई, एक छोटा सिनेमा करायचाय. वीस मिनिटांचा. पैसे नाहीत. सगळे आपलेच लोक. तुम्ही कंटिन्युइटी बघाल?"

"म्हणजे काय करायचं?"

"काही नाही. सगळं जसंच्या तसं आहे ना, ते बघायचं. काल पदर डाव्या खांद्यावर होता तर आज पण डाव्याच. काल हातात पाच बांगड्या तर आज पाच. तुमच्याइतकं हे कुणाला जमणार नाही."

सगळं जसंच्या तसं ठेवणं म्हणजे माझं उभं आयुष्य. मी लगेच हो म्हटलं.

कॅमेरा इम्रानचा. तो भोरच्या बाजारपेठेतला, लग्नांची शूटिंग करणारा. त्याच्याकडे फक्त तेवढेच दिवस मोकळे होते, कारण तुळशीचं लग्न लागलं की तालुक्यातल्या सगळ्या लग्नांना तो हवा असतो. मुक्ताची ऑफिसातली एक मैत्रीण लांब काठीला माईक बांधून उभी राहायची. आणि सिनेमात काम करणारी बाई एकच: विंझरजवळच्या वाडीतल्या सगुणाबाई. शेतकरीण. पन्नाशी ओलांडलेली, उंच, सावळी, बोलता बोलता मध्येच थांबून दूर बघायची सवय असलेली. मुक्ताची आई त्यांच्याकडून वर्षाचा तांदूळ घेते. मुक्ताने त्यांना लहानपणापासून पाहिलेलं, आणि ही कथाही त्यांचाच चेहरा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली.

कथा अशी. एक आई. भात पिकलंय. कापणीला लेक पुण्याहून येणार म्हणून ती रोज एसटीच्या थांब्यावर जाऊन बसते. लेक येत नाही. शेवटी एका संध्याकाळी ती पिकल्या शेतात एकटी उतरते आणि कापायला लागते. बस्स. शेवटच्या शॉटमध्ये कॅमेरा लांब, उंचावर. सगळं पिवळं शेत, मागे तिचं निळ्या दाराचं घर, आणि मधोमध एवढीशी बाई.

मुक्ताने हे सगुणाबाईंच्या ओसरीवर बसून वाचून दाखवलं. त्या तांदूळ पाखडत ऐकत होत्या. संपल्यावर सूप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आन बाकीची मान्सं कुठं गेली?"

"बाकीची नाहीत, मावशी. ती एकटीच आहे."

"येकटीच? म्हंजे समदं गाव म्येलं का काय?"

इम्रान खो खो हसला. मुक्ता लाल झाली. "तसं नाही. तिचं एकटेपण दाखवायचंय."

"दाखीव की. पर येकटीनं भात कापाया घेतलं तर निम्मं शेतातच झडंल, पोरी. असं कुनी करत न्हाई. सावड येतीयाच."

मग मुक्ताने, जरा चाचरत, दुसरी गोष्ट सांगितली. कुणालाच मोबदला नाही. बाई आल्यात, इम्रान आलाय, सगळे आपापल्या हौसेने. तुम्हालाही मला काही देता येणार नाही.

सगुणाबाईंना त्यात अवघड काहीच वाटलं नाही. "म्हंजे सावडीनं करताय म्हन की," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

सावड म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या शेतात राबायचं, उद्या सगळ्यांनी माझ्या. दिवसाला दिवस. मजुरी नाही, उपकार नाही. जो आला नाही त्याच्याकडे कुणी जात नाही, आणि असं न येणारं कुणी नसतंच. मुक्ता पुण्यातल्या मित्रांना ज्या गोष्टीसाठी महिनाभर मेसेज करत होती, समजावत होती, माफी मागत होती, ती सगुणाबाईंना एका शब्दात कळली.

एक अट मात्र मुक्ताने घातली, आणि तिथून माझी झोप उडाली. शेवटचा शॉट होईपर्यंत शेत कापायचं नाही.

"न्हाई कापत," सगुणाबाई म्हणाल्या. भात तयार होतं. आजूबाजूच्यांचे विळे घासून झाले होते. पण त्या म्हणाल्या, न्हाई कापत, आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला.

*

त्या दिवसांतलं काय काय आठवतं! लुगड्याची गोष्ट तर आठवतेच. सिनेमातली बाई दोन दिवस तेच लुगडं नेसून आहे, त्याला चुरगळ्या पडल्यात, पदराला धूळ आहे. पहिल्या दिवशी सगळं छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर सगुणाबाई लख्ख धुतलेलं लुगडं नेसून दारात उभ्या.

"अहो, धुतलंत कशाला?"

"मग काय पारोसं नेसू? चार मान्सं बघनार त्या सिनेमात. म्हंतील, सगुणीच्या घरात पानी न्हाई."

मग मी, जिने आयुष्यभर रुमालालाही इस्त्री केली, त्यांना दुसरं नेसायला लावून अंगणात बसून ते लुगडं चुरगळलं. मुठीत धरून पिळलं, गुडघ्यावर घासलं, पदराला चुलीजवळची माती लावली. सगुणाबाई शेजारी बसून बघत होत्या, जणू मी त्यांच्या तोंडाला काळं फासत होते. शेवटी म्हणाल्या, "बाई, शाळंत पोरास्नी ह्येच शिकवलं का तुमी?"

जेवणं बांधावर. प्रत्येकाने आपापलं आणायचं आणि मग कुणीच आपलं खायचं नाही. इम्रानच्या आईचा अंड्याचा रस्सा, सगुणाबाईंची तांदळाची भाकरी, माझ्या डब्यातली कोरडी, शिस्तीत कापलेली सँडविचं, जी कुणालाच नको असायची आणि जी शेवटी कुत्र्याने आवडीने खाल्ली.

आणि तो छोटा पडदा. इम्रानने कॅमेऱ्याला वीतभर लांबीचा एक पडदा जोडला होता, चित्र कसं येतंय ते बघायला. वाडीतली माणसं कामावरून परतताना त्याच्याभोवती जमायची. शेजारच्या शेताचे मालक तात्या, सत्तरीचे, कानावर पेन्सिल खोचून असायचे, कशासाठी ते कुणाला माहीत नाही. ते चष्मा पुसून पडद्यात डोकावले. पडद्यात सगुणाबाईंचा चेहरा आणि चेहऱ्यामागे थोडं पिवळं भात.

"मागचं येवढंच दिसतंय व्हय?" तात्यांनी विचारलं.

"एवढंच, तात्या," इम्रान म्हणाला. त्याचं लक्ष फोकसमध्ये होतं.

"मोप शेत हाय की तिचं. समदं न्हाई मावत?"

"नाही मावत."

तात्या मान हलवून गेले. मी तिथेच होते. मी ऐकलं. ते सगळ्यात जवळून घेतलेलं चित्र होतं, लांबचं अजून घ्यायचं होतं, हे त्यांना सांगावं असं मलाही सुचलं नाही. का सुचावं? कुणी नुसतं विचारलं होतं.

*

मग ढग आले.

मुक्ताला शेवटच्या शॉटसाठी मावळतीचं ऊन हवं होतं. सूर्य तोरण्याकडे कलला की तिरपं ऊन शेतावर पसरतं आणि लोंब्या आतून पेटल्यासारख्या दिसतात. ते ऊन जेमतेम चहा निवेपर्यंत टिकतं. एका संध्याकाळी आम्ही सगळी तयारी करून उभे राहिलो आणि नेमका ढग आडवा आला. दुसऱ्या संध्याकाळी तर सूर्य दिसलाच नाही. वारा उलटा फिरला होता, दमट, पावसाळ्यासारखा. रेडिओवर, मोबाईलवर, एसटीत, सगळीकडे तेच, पाऊस येतोय. पिकल्या भातावर पाऊस पडला तर काय होतं? लोंब्या ओल्या होऊन आडव्या होतात, दाणा झडतो, चिखलातला दाणा तिथेच मोड धरतो. वर्षाचं खाणं आणि वर्षाची विक्री. सगुणाबाईंकडे दुसरं काही नव्हतं.

वाडीत सगळ्यांची कापणीची घाई सुरू झाली. आमच्या चारी बाजूंना विळ्यांचा खसखस आवाज. मुक्ताची मैत्रीण कानावर हेडफोन लावून म्हणायची, हा आवाज सिनेमात येतोय, थांबायला सांगा ना कुणीतरी. कुणीही सांगायला गेलं नाही.

मी सकाळी जाग आल्याबरोबर खिडकीशी जाई. मला काय हवं होतं? ऊन पडावं, म्हणजे मुक्ताचा शॉट होईल, म्हणजे सगुणाबाई मोकळ्या. पण ढग दाटले की वाटे, मुक्ताने स्वतःहून म्हणावं, मावशी, कापा. आणि ती तसं म्हणाली तर? तर तिच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नसतं. ती रोज म्हणे, "मावशी, एकच संध्याकाळ." सगुणाबाई रोज म्हणत, "घे की." एकदाही त्यांनी "पर" म्हटलं नाही. त्या काही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. मीच एकदा मुक्ताला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, त्यांच्या भाताचं काय?"

"मला दिसत नाही का, बाई?" ती एकदम चिडून म्हणाली. मग हळू आवाजात, "मी दहा वर्षं हा एक शॉट डोळ्यांपुढे बघतेय. कंपनीत मीटिंगमध्ये बसून बघतेय. हा नाही झाला तर मी परत काही करणार नाही. मला माहितीये मी कशी आहे."

मलाही माहीत होतं ती कशी आहे. आमच्या चारही जणांच्या पायांखाली जणू मुंग्या होत्या. इम्रान उगाच लेन्स पुसायचा. मुक्ता बांधावरून येरझाऱ्या घालायची. आणि मधोमध ते शेत, शांत, पिवळं, जड, कशाचीही घाई नसलेलं.

*

एसटीच्या थांब्याचा प्रसंग पालीला करायचा होता. राजगडाच्या पायथ्याचं गाव, थांबा मोकळा, मागे किल्ला. एक दिवस तिकडे घालवायचा आणि उजेड बरा असला तर संध्याकाळी परत शेतावर, असं ठरलं. इम्रानच्या गाडीत आम्ही सगळे कोंबून बसलो. सगुणाबाईंनी निघताना शेताकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला दिसलं.

रविवार होता. पालीत गडावर जाणाऱ्या पोरांची गर्दी, पाठीवर सॅक, हातात काठ्या. सगुणाबाई थांब्यावर चेहरा गंभीर करून बसल्या की कुणीतरी येऊन विचारायचं.

"ओ काकू, वेब सिरीज आहे का?"

"व्हय. माजीच हाय. म्या हिरोईन. व्हा बाजूला."

ती पोरं गेली आणि कॅमेरा सुरू झाला. त्यांना रस्त्याकडे बघायचं होतं, लेकीची गाडी येईल म्हणून. त्या बघत होत्या, पण थोड्या वेळाने नजर आपोआप वर जाई. तोरण्याच्या दिशेला आभाळ काळं होत चाललं होतं.

"मावशी, रस्त्याकडं बघा," इम्रान म्हणाला. "आभाळाकडं नको."

"रस्त्याकडंच बघतीया की."

पुन्हा सुरू. पुन्हा तेच. नजर रस्त्यावर, मग हळूच वर, मग ओठ आवळून परत खाली. इम्रानने थांबायला हात वर केला, पण मुक्ताने तो धरला. "चालू ठेव," ती पुटपुटली. तो तुकडा सिनेमात आहे. बघणारे म्हणतात, काय वाट बघते ती बाई! मला ठाऊक आहे ती कशाची वाट बघत होती, आणि कशाची वाट बघायला लागू नये म्हणून देवाला विनवत होती. मुक्तालाही ठाऊक होतं. परतीच्या वाटेवर ती गाडीच्या काचेतून आभाळाकडे बघत होती. विंझर जवळ आलं तेव्हा पुढच्या सीटवरून मागे वळून म्हणाली, "मावशी, उजेड असो नसो, आज घेऊन टाकू. उद्या सकाळी कापा तुम्ही."

"बरं," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांचा हात सीटवर माझ्या हाताजवळ होता. तो सैल पडला.

गाडी वळणावरून आत शिरली. आणि शेत नव्हतं.

म्हणजे जमीन होती. निळ्या दाराचं घर होतं. पण पिवळं काही नव्हतं. धसकटं आणि त्यावर ओळीने मांडलेल्या पेंढ्या, निम्म्या उचलून घराजवळच्या पत्र्याखाली रचलेल्या. बांधावर दहा-बारा माणसं घाम पुसत बसलेली. आणि शेताच्या अगदी मधोमध, आमच्या घरातल्या मोठ्या सतरंजीएवढा, भाताचा एक चौकोन उभा. त्याच्या चारी कोपऱ्यांना काठ्या रोवून सुतळी बांधलेली.

तात्या लगबगीने पुढे आले. "पोरी, येक लोंबी हलू दिली न्हाई बघ! समद्यास्नी दम दिला, सुतळीच्या आत कुनी पाय टाकायचा न्हाई म्हनून. तुज्या डबीत येवढंच दिसतं न्हवं? मी त्या भाऊला इचारलं व्हतं. मग म्हनलं, बाकीचं काढून घेऊ. पाऊस आला तर सगुणीचं नुकसान नको. ती तुमच्या कामावर, तिचं काम आमी करनार. सावडच हाय."

इम्रानने कॅमेऱ्याची पेटी हातात घेतली आणि पुन्हा गाडीत ठेवली. मुक्ता चौकोनाकडे बघत होती. मी सगुणाबाईंकडे पाहिलं. त्या पेंढ्यांच्या राशीकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक क्षणभर इतकं सुटलेपण उमटलं की मी नजर वळवली. मग ते त्यांनी पुसून टाकलं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "म्या न्हाई सांगितलं त्यास्नी. आयची आन."

"माहितीये, मावशी."

तात्यांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, परत खोचली. "काय चुकलं का आमचं?"

मी शिक्षिका आहे. चूक दिसली की सांगायची, ही माझी जुनी खोड. पण शेजारच्या खाचराकडे माझं लक्ष गेलं. ते खाचर तात्यांचं. ते अजून उभं होतं. स्वतःचं भात आभाळाखाली ठेवून ही माणसं दिवसभर सगुणाबाईंचं कापत होती.

मुक्ताने ते माझ्या आधी पाहिलं असावं. ती पदरानं डोळे पुसणारी मुलगी नाही. तिने नाक ओढलं, केस वर बांधले आणि म्हणाली, "नाही, तात्या. बरोबर राखलंय तुम्ही. इम्रान, जवळची लेन्स लाव."

*

तो शॉट असा झाला. उजेड राखाडी, सपाट. कॅमेरा जवळ, इतका जवळ की चौकटीत फक्त सगुणाबाई आणि भात. बाहेरची धसकटं दिसत नाहीत. पडद्यात खरोखरच शेत आहे असं वाटतं. तात्यांचं म्हणणं एका अर्थाने खरं होतं.

मी सवयीने सगळं तपासलं. पदर, बांगड्या, कपाळावरचं कुंकू. ठीक. सगुणाबाई सुतळीच्या आत गेल्या. मुक्ता म्हणाली, मावशी, रस्त्याकडे एकदा बघा, मग वाका, मग कापा. त्या वळल्या. वाकल्या. डाव्या मुठीत लोंब्या धरल्या, विळा फिरला, पहिली मूठ बाजूला पडली. दुसरी. तिसरी. विळ्याचा आवाज तेवढा. मुक्ताची दहा वर्षांची एकटी बाई.

आणि चौकटीत एक हात आला. दुसरा विळा धरलेला. शेवंताचा हात, सगुणाबाईंच्या जावेचा. ती बांधावरून उठून सहज आत गेली होती. "अगं, येकटीच काय कापतीस? एवढुसं तर ऱ्हायलंय," ती म्हणाली. ते वाक्य सिनेमात आहे, माईकने पकडलंय. ती अभिनय करत नव्हती. तिच्यासमोर एक बाई एकटी कापत होती आणि ती बसून होती, हे तिला जमलंच नाही. तिच्यामागे तात्या गेले. मग आणखी दोघं. चौकटीत हातच हात, निळ्या जर्सीची बाही, हिरव्या काचेच्या बांगड्या.

इम्रानने मान वळवून मुक्ताकडे पाहिलं. कट म्हणायचं होतं. तिचं तोंड उघडलं होतं. ती म्हणाली नाही.

चौकोन संपला. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि सगळे वर बघायला लागले.

पाऊस आला नाही. हेच तर! त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निळं. आम्ही सगळे तात्यांच्या शेतात होतो, सावड फेडायला. इम्रानची कंबर धरली, मुक्ताचं बोट कापलं, मला पेंढ्या बांधण्याच्या कामाला बसवलं आणि माझ्या पेंढ्या सगळ्या एकसारख्या झाल्या म्हणून बायका हसल्या. संध्याकाळी सूर्य तोरण्याकडे कलला आणि ते ऊन आलं. तिरपं, मधासारखं, तात्यांच्या उरलेल्या निम्म्या शेतावर. लोंब्या पेटल्या. मुक्ता विळा हातात धरून नुसती उभी राहिली. तिथून निळ्या दाराचं घर दिसत नव्हतं, तरीसुद्धा.

"गाडीतून कॅमेरा आणू?" इम्रानने विचारलं.

तिने हातातला विळा नीट धरला. मग म्हणाली, "आधी हे संपवू." आणि वाकली. संपेपर्यंत अंधार पडत आला होता.

सिनेमा पूर्ण झाला. विंझरच्या शाळेत पांढऱ्या चादरीवर दाखवला. सगळे आपापले हात ओळखत होते. "त्यो माजा! त्यो माजा!" तात्या ओरडले, इतके की शेवटचं संगीत कुणाला ऐकूच आलं नाही. बाहेरगावच्या महोत्सवांत पाठवला, काही ठिकाणी घेतला, काही ठिकाणी नाही. मुक्ता म्हणते, हा शेवट तिने लिहिलेल्या शेवटापेक्षा चांगला आहे. पण दरवर्षी या दिवसांत तिचा पुण्याहून फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "बाई, भात पिकलं का?" त्या प्रश्नात अजून ते लांबचं, उंचावरचं शेत आहे. ते कुठे जाणार? मला वाटायचं, चांगलं झालं की खंत मिटते. तसं होत नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहतात, एकाच बांधावर.

आज सकाळी मीच सगुणाबाईंना फोन केला. ढगाचं विचारलं.

"हाय की ढग. त्यो आपला येतुया न् जातुया," त्या म्हणाल्या. "परवा कापनी हाय. मुक्ती येनार म्हनलीया. तुमी?"

मी सत्तरीच्या पुढची. कंबर दुखते. इथे सगळी कपाटं आवरून झालेली आहेत. मी म्हटलं, येते.

तुम्हाला सिनेमाची लिंक तुमच्या आईकडे पाठवली आहे. वाडीतलं बोलणं कळलं नाही तर थांबवून थांबवून बघा. शेवटी हात येतात ना, ते नीट बघा. शेवंता, तात्या, जर्सीवाला, बांगड्यांच्या बायका. ते सगळे आत गेल्यावर, चौकोन संपता संपता, डाव्या कडेने आणखी एक हात येतो. विळा नसलेला, सुरकुतलेला, नुसताच एक मूठ धरणारा. मनगटावर चामड्याच्या पट्ट्याचं घड्याळ. त्या गोष्टीत असं घड्याळ कुणाच्याही हातात असायला नको होतं, आणि ते बघायचं काम ज्या बाईचं होतं, ती त्या वेळी भात धरून उभी होती.

तिथे जरा थांबा. तो हात तुमच्या ओळखीचा आहे.